दुसऱ्या मजल्यावरच्या चादरी

माझ्या सासूबाईंनी एकवीस वर्षं एका वृद्धसेवा निवासाची लाँड्री सांभाळली. त्या एकवीस वर्षांत एकदाही कुणी त्यांना विचारलं नाही, की वर कोण आजारी आहे. विचारलं असतं तर डॉक्टरांच्या फेरीआधी दोन दिवस उत्तर मिळालं असतं. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाची जखम चिघळलीय, कुणाला सकाळपासून कुणी कुशीवर वळवलेलंच नाही, हे सगळं त्यांना चादरीवरून कळायचं. पण लाँड्री तळघरात होती, आणि तळघरातून वर फक्त धुतलेले कपडे जावेत, मतं जाऊ नयेत, अशी तिथली शिस्त होती.

त्याआधी अकरा वर्षं त्या एका हॉटेलच्या लाँड्रीत होत्या. ते हॉटेल बुडालं तेव्हा इथे आल्या. दोन्हींतला फरक त्या असा सांगायच्या: "हॉटेलात माणसं हौसेनं चादरी मळवायची. इथे लाजत लाजत मळवतात. म्हणून इथली चादर आधी गुपचूप उचलायची, मग धुवायची."

मी त्याच निवासात पुढच्या टेबलावर बसते. भेटायला येणाऱ्यांची वही, फोन, चाव्या हे माझं काम. नोकरी त्यांनीच लावून दिली. पहिल्या दिवशी फाटकापाशी मला थांबवून म्हणाल्या, "इथे मी तुझी सासू नाही. आणि घरी तू ऑफिसातली नाहीस. एवढं सांभाळलंस तर दोघींचं निभेल." निभलं.

निवासात स्वच्छतेची काही कमी नव्हती, म्हणजे भिंतींवर नव्हती. हात कसे धुवावेत हे सहा पायऱ्यांत सांगणारे रंगीत तक्ते प्रत्येक बेसिनवर होते. तक्त्याखाली साबणाची बाटली होती. बाटलीत पाणी घालून घालून साबणाची नुसती आठवण उरली होती. संसर्ग-नियंत्रणाची एक जाडजूड पुस्तिकाही होती. ती व्यवस्थापक साहेबांच्या कपाटात काचेआड असायची, बहुधा तिला कुणाचा संसर्ग होऊ नये म्हणून.

ग्लोव्हजचं तर विचारूच नका. सकाळी एक जोडी हातात चढली की ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरत नसे. त्याच हातांनी अकरा नंबरचं अंग पुसायचं, बारा नंबरला भरवायचं, मधेच दाराची कडी, स्वतःचा फोन, स्वतःचं नाक. कुणी टोकलंच तर उत्तर तयार: "ग्लोव्हज आहेत ना!" सासूबाईंनी एकदा एका आयाबाईला समजावलं होतं, "अगं, ते मोजे तुला वाचवतात. बारा नंबरच्या आजींना तू त्या मोज्यांवरून अकरा नंबरच नेऊन देतेस." आयाबाई म्हणाली, "मावशी, तुम्ही तुमचं धुणं बघा ना." मावशींनी धुणं बघितलं. तेच तर पुढे सगळ्यांना महागात पडलं.

थंडीच्या सुरुवातीला साहेबांनी निवासाचं नवं माहितीपत्रक काढायचं ठरवलं. पहिल्याच पानावर त्यांचा फोटो हवा होता: एका आजोबांचा हात आपल्या दोन्ही हातांत, आणि डोळ्यांत माया. पण मायेला साजेसे आजोबा मिळेनात. एक सारखे हलत होते, दुसरे दर मिनिटाला साहेबांना "आपण कोण?" विचारत होते. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांवर शिक्कामोर्तब झालं. मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली, वाचा गेली. ना हलणं, ना बोलणं, तक्रार तर नाहीच. फोटोग्राफरला असा माणूस शोधून सापडत नाही. मी पाठीमागून त्यांना बसतं धरलं, साहेबांनी हात हातात घेतला, आणि उजेड मनासारखा पडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तिघं तसेच. मास्तरांचा हात खरखरीत होता, सालं निघत होती. "कष्टाचे हात आहेत," साहेब गहिवरून म्हणाले. फोटो छान आला.

त्यानंतर महिन्याभरात सासूबाईंना चादरींवर टिपके दिसायला लागले. रक्ताचे, अगदी बारीक, खसखशीएवढे. पायजम्याच्या कमरेपाशी, बाह्यांच्या टोकाशी, चादरीवर पोटऱ्या टेकतात तिथे. तीन चादरी झाल्या तेव्हा त्या एप्रन काढून, हात धुऊन मोठ्या सिस्टरांकडे गेल्या. मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या सगळ्या परिचारिकांच्या वरच्या.

"सिस्टर, सात, नऊ आणि चौदा नंबर. तिघांच्याही चादरीवर खाजवल्याचे टिपके आहेत. मला खरूज वाटते."

मोठ्या सिस्टरांनी आधी उठून दार लावलं. "मावशी, हा शब्द इथे वापरायचा नाही."

"बरं. मग काय म्हणू?"

"कोरडी हवा आहे. त्वचा कोरडी पडते."

"हवा तीनच खोल्यांत शिरली का?"

मोठ्या सिस्टरांनी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. हे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि अर्ध्या तासात बेचाळीस म्हातारे तपासायचे. उंटावरून शेळ्या हाकणं आपण ऐकलेलं असतं, हे दारातून आजी-आजोबा हाकायचे. उंबऱ्यावरूनच त्यांनी "ॲलर्जी" म्हटलं आणि एक मलम लिहून दिलं. त्या मलमानं आठ दिवस खाज दबली. सगळे खूश झाले. अंगातले किडेही झाले असावेत, कारण पुढच्या पंधरवड्यात टिपके तीन खोल्यांवरून अकरा खोल्यांत पोचले. आयाबायाही आता जिन्याच्या कोपऱ्याला पाठ घासताना दिसू लागल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे काही न खाताच सगळ्यांना खवखवत होतं.

एका रविवारी दुपारी जेवताना सासूबाईंनी माझा हात ताटावरून उचलला आणि खिडकीकडे नेला. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या होत्या. मी आठवडाभर त्यांना साबणाची ॲलर्जी म्हणत होते. साबण नसलेल्या साबणाची.

"कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले असतील."

"आणि मला आज दिसतंय! दुसऱ्यांच्या चादरी वाचते मी, घरातला हात नाही वाचला." जेवण अर्ध्यावर टाकून त्या मला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी बघितलं, मान हलवली आणि घरातल्या सगळ्यांसाठी मलम दिलं.

सगळ्यांत माझा नवराही आला. तो बसचालक आहे, आणि कुठल्याही गोष्टीत आपण उगाच ओढले जातोय असं त्याचं कायमचं म्हणणं असतं.

"आई, मला खाजत नाहीये."

"खाजायला लागेपर्यंत थांबायचं आणि मग बायकोला परत द्यायची, असा बेत आहे का? लाव."

"सगळ्या अंगाला?"

"मानेपासून तळपायापर्यंत. बोटांच्या मधे, नखांखाली, बेंबीत. जिथे लाज वाटते तिथे दुप्पट."

संध्याकाळी आम्ही तिघं तीन खोल्यांत अंगाला मलम फासून लोण्याच्या गोळ्यांसारखे बसून होतो. सकाळी अंघोळी झाल्या. पांघरुणं, टॉवेल, कपडे उकळत्या पाण्यातून निघाले. जे धुता येत नव्हतं ते, म्हणजे नवऱ्याचं जाकीट, माझी पर्स, गादीवरची गोधडी, पोत्यात घट्ट बांधून आठ दिवस गच्चीत पडलं. "अंग नाही मिळालं की तो किडा दोन-तीन दिवसांत मरतो. आपण त्याला आठ देऊ. कमी पडायला नको," सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी आम्ही दोघी साहेबांसमोर उभ्या राहिलो. सासूबाईंनी पुन्हा तो शब्द उच्चारला. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. त्यांचा डावा हात टेबलाखाली उजव्या मनगटाशी काहीतरी करत होता, आणि चेहऱ्यावर परमसुख होतं.

"मावशी, आठ दिवसांवर परवाना कार्यालयाची तपासणी आहे. आत्ता हा विषय नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"साहेब, मूठ एकदा उघडून बघा. बोटांच्या मधे."

त्या दिवसापासून साहेबांचे हात खिशात गेले ते गेलेच. चहासुद्धा ते कुणी नसताना प्यायचे.

तपासणीच्या सकाळी कुलपातलं कपाट उघडलं आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं की निवासाकडे एवढं सामान आहे. गाऊन, टोप्या, मास्क, बुटांवर चढवायच्या पिशव्या, ग्लोव्हजच्या पेट्या. सगळ्यांना नटवलं. कुणी गाऊन उलटा घातला, कुणी मास्क हनुवटीला लावला. नऊ नंबरच्या आजी आपल्याला ऑपरेशनला नेताहेत समजून रडायला लागल्या. साहेबांनी काचेमागची पुस्तिका काढली आणि निरीक्षकांपुढे, आम्हाला रांगेत उभं करून, तिच्यातलं एकतिसावं पान मोठ्यानं वाचलं: संसर्गाचा संशय असलेले कपडे लाल पिशवीत भरावेत, तोंड बांधून वेगळे न्यावेत. असा संशय कोणत्याही कर्मचाऱ्यास घेता येईल.

निरीक्षक प्रसन्न होऊन गेले. त्यांची गाडी फाटकातून बाहेर पडते न पडते तोच गाऊन उतरवून, घड्या घालून, वापरलेलेच परत कपाटात गेले. पुढच्या वर्षी लागतील म्हणून.

त्या दिवशी घरी जाताना थांब्यावर पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोणत्याही कर्मचाऱ्यास म्हणजे लाँड्रीतल्यासुद्धा ना?"

"पुस्तिकेत तरी तळघर वगळलेलं नाही."

"मग ठीक आहे."

लाल पिशव्यांचा एक गठ्ठा त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पडून होता. मंगळवारपासून त्यांनी पुस्तिकेबरहुकूम संशय घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावरचा प्रत्येक कपडा लाल पिशवीत, तोंडाला गाठ. एरवी मळके कपडे मागच्या जिन्यानं खाली यायचे. पण तो जिना साहेबांनी सभागृहाच्या नव्या खुर्च्या रचून बंद केला होता, त्यामुळे ढकलगाडी पुढच्या दालनातून, माझ्या टेबलासमोरून जायची. इतर दिवशी ती कुणी बघितली नाही. रविवारी चार वाजता मात्र भेटीला आलेल्या तीसएक नातेवाइकांसमोरून तेरा लाल पिशव्यांची मिरवणूक निघाली. मागे सासूबाई, कोपरापर्यंत रबरी मोजे, अंगावर एप्रन, तोंडावर मास्क.

नऊ नंबरच्या आजींची मुलगी माझ्या टेबलाशी होती. ती एका शाळेची मुख्याध्यापिका, तिच्याशी खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं असतं.

"हे लाल काय आहे?"

"संसर्गाचे कपडे."

"कसला संसर्ग?"

"ते साहेब सांगतील."

साहेब आवाज ऐकून बाहेर आलेच होते. "नेहमीची पद्धत आहे, बाई. पुस्तिकेतच आहे."

"मग गेल्या रविवारी का नव्हती?" असं म्हणून तिनं तिथेच आईची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. शेजारच्या माणसानं आपल्या वडिलांची बाही वर केली. तिथेही तेच. साहेब घाईघाईनं म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही, काही नाही," आणि लोकांना शांत करायला त्यांनी दोन्ही हात वर केले. दोन्ही मनगटं लालबुंद होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी इतकं नेमकं कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी नातेवाइकांच्या रेट्यामुळे त्वचेच्या डॉक्टरबाई आल्या. त्या पलंगावर बसल्या, हेच आमच्याकडे नवल. भिंगातून सात नंबरच्या बोटांमधे बघितलं आणि वेळ विचारल्यावर सांगावी तितक्या सहज म्हणाल्या, "खरूज आहे." छत कोसळलं नाही. मोठ्या सिस्टर मात्र दार लावायला गेल्या.

खाजणाऱ्या सगळ्यांना बघून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता ज्यांना खाजत नाही, ते दाखवा."

मोठ्या सिस्टरांनी मास्तरांचं नावही घेतलं नाही. मास्तरांना कशाचाच त्रास नव्हता. डॉक्टरबाई आपणहून त्यांच्या खोलीत शिरल्या. सालं पांघरुणावर पडू नयेत म्हणून कुणीतरी मास्तरांच्या हातांत पायमोजे चढवले होते. डॉक्टरबाईंनी आधी नवे ग्लोव्हज घातले, मग ते पायमोजे काढले. हातांवर झाडाच्या सालीसारखे जाड, राखाडी खवले होते. कोपरांवरही, कानांमागेही.

"सुरुवात इथून आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इतरांच्या अंगावर दहा-पंधरा किडे असतात. यांच्या अंगावर हजारो. यांना हलता येत नाही, खाजवता येत नाही, सांगता येत नाही. यांच्या हाताला हात लागला की झालंच. यांना उचलताना, पुसताना गाऊन कोण घालत होतं?"

कुणीच घालत नव्हतं. मास्तरांना उचलणं सगळ्यांत सोपं, म्हणून सगळ्यांच्या फेऱ्या तिथूनच सुरू व्हायच्या.

मी तळघरात जाऊन सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हते? त्यांनी हातातली चादर मशीनवर ठेवली.

"मास्तर? त्यांच्या चादरीवर एक टिपकाही नव्हता गं."

"खाजवताच येत नाही ना त्यांना."

"कोंडा असायचा. घडीत भुशासारखा कोंडा. दीड महिना मी तो पोतेऱ्यानं पुसून टाकत होते." त्या स्टुलावर बसल्या. "सगळ्या मजल्यात सगळ्यांत स्वच्छ चादर म्हणून मी ती शेवटी धुवायची."

एका शुक्रवारी बेचाळीस रहिवासी आणि झाडून सगळे कर्मचारी यांना एकाच दिवशी मलम लागलं, आठ दिवसांनी पुन्हा. प्रत्येक खोलीला नवे ग्लोव्हज, प्रत्येक खोलीबाहेर हात धुणं, वापरलेला गाऊन थेट कचऱ्यात. साबणाच्या बाटल्यांत साबण आला. सासूबाईंनी तीन दिवस लाँड्रीतून डोकं वर काढलं नाही. माझा नवरा सुट्टी टाकून पिशव्या वाहायला आला, अर्थात आपण उगाच ओढले गेलो असं म्हणत. पुरुषांच्या रांगेत शर्ट काढून साहेबही उभे राहिले.

दोन आठवड्यांनी निवासाच्या फाटकावर कापडी फलक लागला: 'संपूर्ण संसर्गमुक्त निवास, व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीचं फळ.' त्याच सकाळी सासूबाईंना लेखी नोटीस मिळाली. नातेवाइकांमध्ये घबराट पसरवल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा. त्यांनी मला घरी समोर बसवलं. "लिही. एकतिसावं पान बघावं. खाली माझी सही." मी म्हटलं, अजून काहीतरी लिहू या. त्या म्हणाल्या, "कशाला? त्यांनीच मोठ्यानं वाचलंय."

त्यावर काही उत्तर आलं नाही. साहेब मात्र एका दुपारी स्वतः तळघरात उतरले. इकडे तिकडे बघून म्हणाले, "मावशी, दोनदा मलम लावलं. तरी खाजतंय. परत झाली का हो?"

"नाही झाली. दोन-तीन आठवडे खाजत राहतं. किडे मेलेत, साहेब, पण अंगाला अजून बातमी पोचलेली नाही."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. नोटिशीचा विषय कुणीच काढला नाही.

मास्तरांना पाच आठवडे टोकाच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. गोळ्या, मलम, रोज अंघोळ. लोकांनी आता सावधगिरी इतकी मनावर घेतली की खोलीत कुणी पाऊलच टाकेना. जेवण भरवलं की आयाबाई बाहेर. इतक्या वर्षांत कधी कामाशिवाय दुसऱ्या मजल्यावर न गेलेल्या सासूबाई रोज काम संपल्यावर वर जायला लागल्या. गाऊन, ग्लोव्हज घालून अर्धा तास त्यांच्याजवळ बसायच्या. मोठ्या सिस्टरांनी हरकत घेतली, तर म्हणाल्या, "वेगळं ठेवा म्हणालेत. टाकून द्या नाही म्हणाले."

तिथे काय बोलता, असं मी एकदा विचारलं.

"पहिल्या दिवशी सांगितलं, मास्तर, माझं चुकलं. बाकी दिवस चादरींबद्दल बोलते. दुसरं मला येतंय काय?"

"मग ते?"

"डोळे मिटले त्यांनी. रागावले की झोपले, काही कळलं नाही." मग म्हणाल्या, "रागावले असले तर बरोबरच आहे."

मास्तरांचे खवले गळाले. खाली लहान मुलासारखी गुलाबी कातडी आली. वसंतात त्यांना पुन्हा दालनात आणून खिडकीशी बसवलं.

सासूबाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात साहेबांनी त्यांना 'आमच्या संसर्गविरोधी लढ्याच्या आघाडीच्या शिलेदार' म्हटलं, आणि नोटीस आपण दिलीच नव्हती अशा आवाजात त्यांच्या धाडसाचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. मग दोन शब्द बोला म्हणून त्यांना उभं केलं.

त्या उठल्या, पदर सारखा केला. "दुसऱ्या मजल्यावर सोळा नंबरच्या नळाला गरम पाणी येत नाही," त्या म्हणाल्या. "ते तेवढं बघा." आणि खाली बसल्या.

नळ दुरुस्त व्हायला चार महिने लागले. मी रोज सकाळी साहेबांना विचारत होते.